हवाई, हरिकेन आणि ‘बाजूने गेलं की सुटलो’ हा हिशेब

मध्य पॅसिफिकमध्ये हरिकेनचा, म्हणजे तिकडच्या जोरदार चक्रीवादळाचा, मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. त्या सहा महिन्यांत एखादं वादळ हवाई बेटांकडे सरकायला लागलं की एक ठरावीक मजकूर फिरायला लागतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच असतात. नकाशावरच्या शंकूत आपलं बेट नाही. डोळा शंभर-दीडशे मैल दक्षिणेकडून जाणार. मौना केआ आणि मौना लोआ हे दोन डोंगर वादळ फोडतात. कॅटेगरी घटली. ऊन पडलंय, समुद्र शांत आहे. बोट बंदरात असली की चिंता नाही. खिडक्यांना टेप लावा नि निवांत झोपा. बेटांवर राहणारे हा मजकूर पाठवतात, आणि हॉटेलचे पैसे भरून बसलेले पर्यटक तर जास्तच उत्साहाने पाठवतात. त्यात आपली माणसंही असतात.

मजकुराला आधार अजिबात नाही असं नाही. 1950 पासून पाहिलं तर हरिकेनच्या ताकदीचं केंद्र थेट बेटावर आलं ते दोनदाच: 1959 मध्ये डॉट आणि 1992 मध्ये इनिकी, दोन्ही वेळा काउआई बेटावर. अथांग समुद्रात बेटं म्हणजे टिकल्या, त्यामुळे नेम लागणंच अवघड. शिवाय बेटांच्या आसपास वरच्या थरातला वारा खालच्या थराशी फटकून वाहतो आणि वादळाचा मनोरा तिरका करून मोडतो. पण ‘थेट आदळलं नाही’ यावरून ‘काही झालं नाही’ असा निष्कर्ष काढला की हिशेब चुकतो. आता एकेक मुद्दा घेऊ.

‘शंकूच्या बाहेर आहोत’

तो पांढरा शंकू वादळाच्या आकाराचा नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवायला हवं. वादळाचं केंद्र कुठे कुठे असू शकेल, एवढंच तो दाखवतो. मागच्या पाच वर्षांतले अंदाज किती चुकले ते पाहून प्रत्येक टप्प्यावर एक वर्तुळ काढतात आणि ती वर्तुळं जोडली की शंकू तयार होतो. वर्तुळाची त्रिज्या अशी निवडलेली असते की केंद्र साधारण तीनपैकी दोन वेळा आत राहावं. म्हणजे तीनातून एकदा ते बाहेर जाणार, हे शंकू काढणाऱ्यांनाही मान्य आहे. पाऊस कुठे पडेल, लाटा कुठवर पोहोचतील, सोसाट्याचा वारा किती लांबपर्यंत असेल, यातलं काहीही त्या आकृतीत नसतं.

इनिकीचंच पाहा. ते बेटांच्या बरंच दक्षिणेकडून पश्चिमेला चाललं होतं. 10 सप्टेंबर 1992 रोजी ते उत्तरेला वळायला लागलं आणि 11 च्या दुपारी काउआईवर होतं, ताशी 145 मैल, म्हणजे सुमारे 233 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासह. चौदाशेहून अधिक घरं पूर्ण उद्ध्वस्त झाली. वळणापासून तडाख्यापर्यंत जेमतेम दीड दिवस हाती होता.

शंकूऐवजी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, हवामान खात्याच्या वादळाविषयीच्या बुलेटिनमधली 34 नॉट वाऱ्याची त्रिज्या. ताशी 63 किलोमीटरचा हा वारा केंद्रापासून ईशान्य, आग्नेय, नैऋत्य आणि वायव्य या चार दिशांना किती सागरी मैल पसरला आहे, ते वेगवेगळं दिलेलं असतं. चारही आकडे सारखे क्वचितच असतात. दुसरी, तुमच्या गावाला असा वारा लागण्याची टक्केवारी आणि तो लवकरात लवकर कधी लागेल ती वेळ. तयारीची मुदत तिथे संपते. डोळा जवळ येईल तेव्हा नव्हे. वारा सुरू झाल्यावर शिडीवर चढून फळ्या ठोकता येत नाहीत.

बुलेटिन हवाईच्या वेळेप्रमाणे पहाटे 5, सकाळी 11, संध्याकाळी 5 आणि रात्री 11 वाजता निघतं. इशारा लागू असेल तर मधे 2 आणि 8 वाजताही. पुण्यात बसून मुलीची काळजी करणाऱ्यांसाठी: तिथले पहाटेचे 5 म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. चार तासांपूर्वीचा स्क्रीनशॉट पाहून फोन करण्यापेक्षा साडेआठची वाट पाहा.

‘दक्षिणेकडून जातंय, लांबून’

‘दक्षिणेकडून’ या शब्दाने लोकांना धीर येतो. खरं तर त्याने कान टवकारायला हवेत.

उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं. त्यामुळे ते ज्या दिशेला चाललं आहे तिकडे तोंड करून उभं राहिलं तर उजव्या बाजूला फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग यांची बेरीज होते, डाव्या बाजूला वजाबाकी. जागच्या जागी फिरताना ताशी 120 किलोमीटर वारा देणारं वादळ ताशी 20 ने सरकायला लागलं की ढोबळमानाने उजवीकडे 140 आणि डावीकडे 100. (बुलेटिनमधल्या कमाल वेगात ही बेरीज आधीच धरलेली असते, पुन्हा करू नका.) वादळ पश्चिमेकडे चाललं असेल तर त्याची उजवी बाजू म्हणजे उत्तर. म्हणजे हवाईच्या दक्षिणेकडून पश्चिमेला जाणारं वादळ बेटांना आपली जोरकस बाजू दाखवत जातं. खलाशी या बाजूला धोक्याचं अर्धवर्तुळ म्हणतात.

त्यात बेटांच्या उत्तरेला बहुधा उच्च दाबाचं क्षेत्र बसलेलं असतं. दक्षिणेला वादळाचा कमी दाब आला की दोहोंमधला उतार तीव्र होतो आणि पूर्वेचे व्यापारी वारे आणखी चेव धरतात. हा वारा दोन बेटांमधल्या फटीतून घुसतो तेव्हा सगळ्यात वाईट. हवाईचं मोठं बेट आणि माउई यांच्यामधली अलेनुइहाहा खाडी जेमतेम 48 किलोमीटर रुंद, दोन्हीकडे तीन-चार हजार मीटरचे डोंगर. मोकळ्या समुद्रात सुसह्य असलेला वारा तिथे बोटी उलटवतो.

8 ऑगस्ट 2023 ला डोरा हे हरिकेन बेटांच्या दक्षिणेला शेकडो मैलांवरून गेलं. त्याच दिवशी माउईवर कोरडा वारा डोंगरउतारावरून कोसळला आणि लाहैना गाव जळालं. शंभराहून अधिक माणसं गेली. त्या वाऱ्यात डोराचा वाटा किती आणि उत्तरेच्या उच्च दाबाचा किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, म्हणून सगळं खापर डोरावर फोडणं बरोबर नाही. पण नकाशावर डोराचं अंतर पाहून लाहैनाबद्दल निश्चिंत झालेल्या कुणालाही त्या अंतराचा उपयोग झाला नाही.

‘डोंगर वादळ अडवतात’

हा मुद्दा सगळ्यात जुना आणि सगळ्यात लाडका. दोन्ही डोंगर मोठ्या बेटावर: मौना केआ 4,207 मीटर, मौना लोआ 4,169. एवढे उंच डोंगर वादळाच्या खालच्या थरातलं फिरणं विस्कटतात, यात शंका नाही. 2014 मध्ये इसेल हे वादळ मोठ्या बेटावर आलं आणि त्याचं केंद्र पार विस्कळीत झालं. इथपर्यंत मजकूर बरोबर.

पण डोंगर हवेला वर ढकलतो, आणि वर गेलेली दमट हवा थंड होऊन पाणी सोडते. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात अंतर किती आणि पावसात फरक किती, ते आपण दर जुलैत पाहतो. सह्याद्रीच्या तिप्पट उंचीचा डोंगर घ्या, मोसमी वाऱ्याच्या जागी हरिकेनने ओढून आणलेली दमट हवा घ्या, आणि ती चार दिवस एकाच उतारावर आपटत ठेवा. ऑगस्ट 2018 मध्ये लेन या हरिकेनने नेमकं हेच केलं. बेटांच्या दक्षिणेला असताना ते कॅटेगरी 5 ला पोहोचलं, मग कमजोर झालं आणि केंद्र एकाही बेटाला न लागता पश्चिमेला निघून गेलं. ‘चुकलं’ असं म्हणायला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही. तरीही मोठ्या बेटाच्या पूर्व उतारावर कहुना धबधब्यापाशी 58 इंच, म्हणजे 1,473 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पुण्यात अख्ख्या वर्षात पडतो त्याच्या सुमारे दुप्पट, आणि तो चार-पाच दिवसांत. हवाईत कुठल्याही चक्रीवादळात नोंदलेला हा सर्वाधिक पाऊस. डोंगरांनी वादळ अडवलं का? पाऊस मात्र अडवून तिथेच ओतला.

डोंगराची दुसरी बाजू आणखी फसवी. पर्जन्यछायेत पाऊस नसतो, म्हणून लोक तिकडे सुरक्षित समजतात. पण डोंगर ओलांडून खाली घसरणारी हवा दाबली जाते, तापते, कोरडी होते आणि वेग घेते. लेनच्याच दिवसांत, मोठ्या बेटावर पूर चालू असताना, पश्चिम माउईत त्या वाऱ्याने वणवे पेटते ठेवले आणि वीसच्या आसपास घरं गेली. एकाच वादळात एका बेटावर पाण्याने आणि शेजारच्यावर आगीने घरं जातात, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण कारण दोन्हीकडे डोंगरच.

इसेलचंही पुढचं ऐका. केंद्र विस्कटलं खरं, पण त्याआधी मोठ्या बेटाच्या पुना भागात वाऱ्याने अल्बिझियाची झाडं धडाधड पाडली. आपल्या शिरीषाच्या कुळातलं हे झाड झपाट्याने वाढतं, लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. झाडं विजेच्या तारांवर आणि रस्त्यांवर पडली आणि काही वस्त्यांत वीज यायला आठवडे लागले. तेव्हा इसेल हरिकेनही नव्हतं.

राहिला ‘मोठ्या बेटावर हरिकेन कधी आलंच नाही’ हा दावा. 9 ऑगस्ट 1871 रोजी एक जबरदस्त हरिकेन मोठ्या बेटाच्या कोहाला भागावर आणि मग माउईवर आदळलं. ते हवामानाच्या नोंदींत नव्हतं, म्हणून विस्मरणात गेलं होतं. त्या काळच्या हवाईयन भाषेतल्या वर्तमानपत्रांत मात्र झाडं कुठल्या दिशेला पडली, कुठल्या गावात किती घरं गेली, वारा कधी फिरला, असे तपशील छापलेले होते. हवाई विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ते वाचून वादळाचा मार्ग पुन्हा आखला आणि 2018 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजाने ते किमान कॅटेगरी 3 चं होतं. इंग्रजी नोंदी म्हणजेच इतिहास, असं धरून चाललं की डोंगरांना असे फुकटचे श्रेय मिळतात.

आणि एक साधी गोष्ट राहूनच जाते. होनोलुलू मौना केआपासून तीनशे किलोमीटर दूर आहे. तो डोंगर वादळ खरंच अडवत असता तरी होनोलुलूचं ओआहू बेट आणि काउआई त्याच्या आडोशाला येत नाहीत.

‘कॅटेगरी घटली’

कॅटेगरी फक्त वाऱ्याची असते: दहा मीटर उंचीवरच्या, एका मिनिटाच्या सरासरी वेगाची. पाऊस, लाटा, पूर त्यात नाहीत. अमेरिकेत चक्रीवादळांमुळे थेट होणारे निम्म्याहून जास्त मृत्यू अलीकडच्या काळात पावसाच्या पुराने झाले आहेत. वादळ मंदावलं की बऱ्याचदा ते एका जागी रेंगाळतं, आणि रेंगाळणारं कमजोर वादळ धावत्या बलवान वादळापेक्षा जास्त पाणी ओततं. लेनचा बराचसा पाऊस कॅटेगरी उतरत असतानाच पडला. त्यामुळे कॅटेगरीचा आकडा खाली आला तर छपराची काळजी थोडी कमी करा, ओढ्याची नको.

‘ऊन पडलंय, समुद्र शांत आहे’

इथे जरा थांबू, कारण लोक प्रत्यक्षात मरतात ते इथे.

वादळ समुद्रावर लाटा उठवतं आणि त्यातल्या लांब लाटा, म्हणजे स्वेल, वादळाला मागे टाकून पुढे पळतात. खोल पाण्यात लाटांच्या गटाचा वेग नॉटमध्ये काढायचा असेल तर आवर्तकाल सेकंदांत घ्या आणि दीडने गुणा. 14 सेकंदांची लाट 21 नॉटने, म्हणजे ताशी 39 किलोमीटरने धावते. वादळ स्वतः साधारण 12 नॉटने, ताशी 22 किलोमीटरने सरकतं असं धरू. वादळ हजार किलोमीटरवर असताना निघालेली स्वेल सुमारे 26 तासांत किनाऱ्याला लागते. वादळाला तेवढं अंतर कापायला 45 तास लागले असते. म्हणजे आकाश निळं, वारा मंद, आणि लाटा मात्र हरिकेनच्या. वादळ पुढे बेटाकडे वळलं नाही तरी या लाटा वाटेतून परत फिरत नाहीत.

जुने दर्यावर्दी आकाशाआधी लाटा मोजायचे ते याचसाठी. तुम्हीही मोजू शकता. किनाऱ्यावर एका जागी उभे राहा, एक लाट फुटल्यापासून अकरावी फुटेपर्यंतचा वेळ घ्या आणि दहाने भागा. रोजच्या व्यापारी वाऱ्याच्या लाटा 6 ते 9 सेकंदांच्या असतात. आकडा 13-14 च्या वर गेला तर ही लाट लांबून आलेली आहे. तिची उंची फार दिसणार नाही. खोल समुद्रात ती जेमतेम दीड मीटर असेल. पण 14 सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे 306 मीटर असते आणि तिच्या निम्म्या खोलीपासून, म्हणजे दीडशे मीटरपासून तिला तळ लागायला लागतो. तळ लागला की ती आखडते, उभी राहते आणि प्रवाळाच्या कड्यावर येईपर्यंत दुपटीच्या आसपास चढू शकते. हवाईत कडा किनाऱ्याला लागून आहे. चढायला आणि फुटायला अंतर फारसं नाही.

दुसरा धोका मधल्या शांततेचा. अशा लाटा झुंडीने येतात. पाच-सहा मोठ्या, मग दहा-वीस मिनिटं जवळजवळ काही नाही. पर्यटक नेमका त्या मधल्या वेळात येतो, खडक कोरडा पाहतो आणि फोटोसाठी कडेला जातो. खडकावर जायचंच असेल तर आधी वीस मिनिटं लांबून पाहा, आणि ओला झालेला खडक किती उंचावर आहे ते बघून त्याच्याही वर थांबा. समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका.

उंचीच्या आकड्यांतही एक गोम आहे. हवामान खातं लाटेची पुढची भिंत मोजून सांगतं. तिथले जुने सर्फर मात्र पाठीमागून मोजतात आणि त्यांचा आकडा जवळपास निम्मा असतो. सर्फर ‘सहा फुटी’ म्हणाला तर समोरून ती दहा-बारा फुटांची भिंत असते. समुद्रावरच्या अंदाजात जी ‘ठळक’ लाटेची उंची असते, ती सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. अधूनमधून एखादी लाट तिच्या दुपटीची येणारच.

किनाऱ्यावर ढकललेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या फटीतून जोरात बाहेर पडतं. कोकणात त्याला नुसतं ‘ओढ’ म्हणतात. तिचा वेग सेकंदाला अडीच मीटरच्या जवळ जाऊ शकतो. एवढ्या वेगाने ऑलिंपिकचा पोहणाराही पोहू शकत नाही. 2008 मध्ये बर्था हरिकेन किनाऱ्यापासून हजार मैलांहून लांब होतं, तरी न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर अशा ओढीत तिघे बुडाले आणि मेरीलँडच्या ओशन सिटीत आठवड्याभरात 1,500 वेळा जीवरक्षकांना पाण्यात उतरावं लागलं. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका; दमून बुडाल. तरंगत राहा, हात वर करून खूण करा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्यातून बाहेर या. मग लाटा ज्या बाजूने आत येत आहेत तिथून तिरके परता. बुडणाऱ्याला वाचवायला हात रिकामे घेऊन उडी मारणारा बऱ्याचदा दुसरा बळी ठरतो. आधी तरंगणारी कुठलीही वस्तू फेका, मग मदत बोलवा.

या लाटांचं बळ किनाऱ्यापुरतंही राहत नाही. 1982 मध्ये इवा हरिकेन काउआईच्या जवळून गेलं, तेव्हा ओआहूच्या काहे पॉइंटसमोर समुद्रतळाच्या उतारावर बसवलेली प्रवाहमापक यंत्रं गाळाच्या लोंढ्याबरोबर उताराने खोल ढकलली गेली. 2018 च्या ऑक्टोबरात वालाका हरिकेनने होनोलुलूच्या वायव्येला फ्रेंच फ्रिगेट शोल्समधलं ईस्ट आयलंड हे सुमारे अकरा एकरांचं वाळूचं बेट जवळजवळ पुसून टाकलं. हिरव्या कासवांची ती अंडी घालण्याची जागा होती.

‘खोल समुद्रातल्या बेटांना सर्ज येत नाही’

सर्ज म्हणजे वादळाने किनाऱ्यावर चढणारं समुद्राचं पाणी. दावा अर्धा बरोबर. सुंदरबनासारखा उथळ, पसरट तळ नसल्याने वारा पाण्याची भिंत रचू शकत नाही. कमी दाबाने पाणी फुगतं तेही मर्यादित: दाब एक हेक्टोपास्कल घटला की पाणी एक सेंटिमीटर चढतं, केंद्रात 960 हेक्टोपास्कल दाब असलेल्या वादळात तिथे साधारण अर्धा मीटर. पण कड्यावर एकामागून एक फुटणाऱ्या लाटा आतल्या उथळ पाण्यात जास्तीचं पाणी कोंबत राहतात आणि ते बाहेर जाण्याआधी पुढची झुंड येते. त्यावर लाटेची धाव वेगळी. भरतीची वेळ जुळली की किनाऱ्यालगतचे रस्ते वारा नसतानाही पाण्याखाली जातात. हॉटेलची तळमजल्यावरची खोली असेल तर बदलून मागा. भरतीचं वेळापत्रक रिसेप्शनवर मिळतं.

‘बोट बंदरात आहे, मग काय!’

बंदरात बोटी बुडतात त्या बहुतेक वाऱ्याने नव्हे, घासून तुटलेल्या दोरामुळे आणि पाणी उपसणारा पंप बंद पडल्यामुळे.

नायलॉनचा दोर ताणला जातो, म्हणून तो झटके पचवतो. पण जिथे तो बोटीच्या कडेवरून वळतो तिथे हजारो वेळा घासतो. लोक त्यावर प्लास्टिकची नळी चढवतात. तिच्यात पाणी शिरत नाही, घर्षणाची उष्णता कोंडते आणि दोर आतून वितळतो. बाहेरून नळी मात्र धडधाकट दिसते. जुन्या अग्निशामक पाइपाचं कापड किंवा जाड कातडं बांधा, म्हणजे पाणी आत जाऊन दोर थंड राहील. दोर दुहेरी लावा, पण दुसरा संच वेगळ्या खुंट्यांना आणि किंचित सैल: पहिला ताणून लांबला की मगच दुसऱ्यावर भार यावा. पाणी चढ-उतार करणार, म्हणून दोर आखूड बांधू नका. आखूड दोर चढत्या पाण्यात खुंटीच उपटतो.

शिडाच्या बोटीचं पुढचं गुंडाळलेलं शीड हमखास दगा देतं. वाऱ्याच्या पहिल्या मोठ्या झोतात त्याचं टोक सुटतं, ते उलगडतं आणि बोट वेडी होते. ‘घट्ट बांधलंय’ म्हणून सोडू नका, पूर्ण उतरवून खाली ठेवा. छत, कापडी आडोसे, हलणारं सगळं काढा. कॉकपिटचं पाणी बाहेर जाणाऱ्या वाटा सोडून बाकी व्हॉल्व्ह बंद करा.

पंपाचा हिशेब कागदावर करा. पंप 8 अँपिअर घेतो, बॅटरी 100 अँपिअर-तासांची. भागाकार साडेबारा तास देतो. पण अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी केलेली बॅटरी नीट दाब देत नाही, म्हणून प्रत्यक्षात सहा तास. किनाऱ्यावरची वीज पहिल्या तासात जाते असं धरा, आणि दुसरी बॅटरी जोडा.

नांगरावर राहायचं असेल तर दोर पाण्याच्या खोलीच्या नव्हे, खोली अधिक बोटीच्या नाकाची उंची अधिक फुगणारं पाणी, या बेरजेच्या दहापट. पाच मीटर खोली, दीड मीटर नाक, एक मीटर फुगवटा: साडेसात, म्हणजे 75 मीटर दोर. शेजारच्या बोटीपासून तेवढी जागा आहे का, तेही मोजा. आणि बोटीवर कुणीही थांबायचं नाही.

‘मग बोट घेऊन समुद्रात निघून जावं, नौदलही तेच करतं’ असा एक पोटमुद्दा असतो. लेनच्या वेळी पर्ल हार्बरमधली जहाजं खरोखरच बाहेर गेली होती. पण ती दिवस-दोन दिवस आधी, आणि त्यांचा वेग वादळाच्या वेगापेक्षा जास्त. कोस्ट गार्ड बंदराच्या स्थिती ठरवतो: सोसाट्याचा वारा 72 तासांत अपेक्षित असेल तर व्हिस्की, 48 ला एक्स-रे, 24 ला यांकी, 12 ला झुलू. कोकणातल्या बावट्यासारखीच ही उतरण. झुलूला बंदर बंद. त्यानंतर ना आत, ना बाहेर. खुल्या समुद्रात किती लांब राहायचं त्याचा खलाशांचा 1-2-3 नियम आहे: 34 नॉटच्या त्रिज्येत पुढच्या 24 तासांच्या स्थानासाठी 100 सागरी मैल, 48 साठी 200, 72 साठी 300 मिळवायचे आणि त्या वर्तुळाबाहेर राहायचं.

हा नियम मोडला की काय होतं, त्याचा दाखला बहामा बेटांजवळचा आहे. 1 ऑक्टोबर 2015 रोजी एल फारो हे 241 मीटर लांबीचं मालवाहू जहाज जोकिन हरिकेनमध्ये बुडालं. 33 च्या 33 माणसं गेली. अमेरिकेच्या चौकशीत कप्तानाने वादळ टाळलं नाही आणि ताजी माहिती वापरली नाही, हे कारणांमध्ये नोंदलं गेलं. जहाजावर ज्या सॉफ्टवेअरचा नकाशा पाहिला जात होता, त्यातलं वादळाचं स्थान काही तासांचं शिळं असायचं. अंदाज उघडला की पहिली नजर तो किती वाजताचा आहे यावर टाकावी.

आपल्याकडचा प्रसंगही विसरण्याजोगा नाही. 17 मे 2021 ला तौक्ते मुंबईच्या पश्चिमेला समुद्रातून गुजरातकडे गेलं, ‘बाजूने’च. कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचा झोत नोंदला गेला आणि मुंबईसमोरच्या समुद्रात पी-305 हा 261 जणांचा बार्ज बुडून सत्तरहून अधिक माणसं गेली.

‘खिडक्यांना टेप लावा’

टेप काच वाचवत नाही. फक्त तुटल्यावर तुकडे मोठे करते, आणि मोठा तुकडा जास्त खोल कापतो. सुमारे 16 मिलिमीटरचं प्लायवूड, कापून, भोकं पाडून, नंबर घालून आधीच तयार हवं. ‘दाब समान राहावा म्हणून एक खिडकी उघडी ठेवा’ हेही फिरतं. ती उघडलीत की वारा आत शिरून छप्पर आतून उचलतो, आणि बाहेरून ओढणारा वारा आधीच वर खेचत असतो. हवाईतल्या जुन्या, एकेरी फळीच्या भिंतींच्या घरांत छप्पर भिंतीला नुसत्या खिळ्यांनी धरलेलं असतं. तिथे वाशाला धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या नसतील तर प्लायवूडवर खर्च करण्याआधी त्या बसवा. नाहीतर सरळ निवाऱ्यात जा.

पाणी माणशी रोज पावणेचार लिटर, चौदा दिवसांचं. चौघांना 210 लिटर. चौदाच का? कारण बेटांवर जवळपास सगळा माल जहाजाने येतो. बंदर बंद झालं, तळात काही बुडालं आणि वाट मोकळी करायला वेळ लागला, की दुकानं रिकामी होतात. मुख्य भूमीवर शेजारच्या जिल्ह्यातून ट्रक येतो, इथे येत नाही.

‘गेलं एकदाचं, चला बीचवर’

पाऊस थांबल्यावर समुद्र तपकिरी दिसला तर त्यात पाय घालू नका. आरोग्य खातं ‘ब्राउन वॉटर’चा इशारा देतं तो याचसाठी. डोंगरावरून आलेल्या त्या पाण्यात सांडपाणी, शौचखड्ड्यांतलं पाणी, कीटकनाशकं, मेलेली जनावरं आणि उंदरांचं मूत्र असतं. लेप्टो म्हणजे काय ते मुंबईकरांना 2005 पासून वेगळं सांगावं लागत नाही. हवाईतल्या ओढ्यांतही तो आहे. पायाला जखम असेल तर अजिबात नाही. गढूळ पाण्यात वाहून आलेलं खायला शार्क नदीमुखापाशी येतात, आणि त्यांनाही तिथे तुमच्याइतकंच कमी दिसतं. पाणी निळं होईपर्यंत थांबा. मोठ्या पावसानंतर त्याला दोन-तीन दिवस सहज लागतात, नदीच्या मुखाशी त्याहून जास्त.